कलम अकरा : कुटुंब

३ फेब्रुवारी, सोमवार

घेतलं! मला घेतलं! वाटाघाटीच्या कमिटीत!

एकोणतीस वर्षं हॉटेलांच्या चादरींच्या घड्या घालतेय. उद्यापासून मालकांच्या समोर खुर्चीवर बसणार. पाच जणांची कमिटी — चार बाप्ये आणि मी. युनियनच्या अध्यक्षांना आम्ही पाठीमागे भोंगा म्हणतो. ते नुसते ‘चला’ म्हणाले तरी धुलाईची तिन्ही यंत्रं ओलांडून आवाज पलीकडच्या गोदामात जातो. ते म्हणाले, “बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे. तुम्ही सगळं लिहून घ्या.” म्हटलं, लिहीन, पण बोलेनही. “ते आम्ही धरूनच चाललोय,” म्हणे!

तीन जिने एका दमात चढले. या वयात! वहिनी खिडकीतच होती.

“रस्त्यात कुणाशी बोलत होतात वन्सं? एकट्याच हसत होतात.”

सांगितलं. तिने आधी कपाळाला हात लावला, मग म्हणाली, “बिच्चारे मालक.”

४ फेब्रुवारी, मंगळवार

एवढ्या सकाळी लिहितेय, कारण झोपच उडाली. बैठक दहाला. निळी साडी की करडी? वहिनी म्हणते करडी, निळीत मी भांडायला निघाल्यासारखी दिसते. निळी नेसतेय.

एकदा स्पष्ट लिहून ठेवते, म्हणजे नंतर मलाच गोंधळ व्हायला नको. मी कमिटीत जातेय ती पगारवाढीसाठी, हो, सगळ्यांसाठी — पण मला वहिनीचा खुबा करारात बसवायचाय! हाड पार झिजलंय. सात महिने ती खाली उतरलेली नाही. डॉक्टर म्हणाले, बदलल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि खर्च सांगितला तेव्हा मी आधी हसले, कारण मला वाटलं ते गंमत करताहेत. माझा दोन वर्षांचा पगार होतो. आत्ता कारखान्याचं आरोग्य कार्ड फक्त कामगाराला आहे. युनियनची मागणी आहे, कलम अकरा — कार्ड कुटुंबालाही द्या. तिथे मला वहिनी घुसवायची आहे. बस्स.

दादा घर सोडून गेला त्याला एकोणीस वर्षं झाली. दुसरीकडे दुसरा संसार थाटला त्याने. वहिनी राहिली. तिला जायला कुठे नव्हतंही, आणि मला ती हवीही होती. यावर आम्ही कधी बोललो नाही. घर माझ्या नावावर, पण चालतं तिच्या हुकमावर.

चला, निळी साडी!

४ फेब्रुवारी, संध्याकाळ

काय ती खोली! टेबल एवढं लांब, की घडीवाल्यांच्या दोन जोड्या त्यावर आरामात चादरींच्या घड्या घालतील. प्रत्येकाला वेगळी पाण्याची बाटली. खुर्च्या गरागरा फिरतात. मी फिरले. एकदाच. पण नेमके तेव्हाच कारखान्याचे मोठे साहेब आत आले.

मालकांच्या बाजूने हे साहेब आणि एक चष्मेवाला वकील, दोघंच. वकील बोलतो कमी, डोळे मिटून घेतो जास्त. आमची मागणी अठरा टक्के वाढ, तीन वर्षांसाठी. त्यांचा देकार सहा! भोंगांनी टेबलावर अशी मूठ आपटली, की साहेबांची बाटली आडवी झाली आणि पाणी वकिलाच्या मांडीवर. बैठक वीस मिनिटं तहकूब. मी लिहून घेतलं — ‘पाणी सांडल्यामुळे तहकूब.’ भोंगा म्हणाले, ते खोडा. मी नाही खोडलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज कलम अकरा आलं!

आश्चर्य म्हणजे, कुटुंबाला कार्ड द्यायला तयार आहेत. पण वकिलाने डोळे उघडले आणि वाचलं, “कुटुंब म्हणजे पती किंवा पत्नी, दोन अपत्यं, आणि आई-वडील.”

मी म्हटलं, “आणि वहिनी.”

“बाई, वहिनी कुटुंबात बसत नाही.”

“मग कुठे बसते? माझ्याच घरात बसते, माझ्याच खुर्चीत, आणि मला स्टुलावर बसवते!”

साहेब हसले. हसले म्हणजे अर्धं काम झालं, असं मला वाटलं, पण वकिलाने पुन्हा डोळे मिटले. तो म्हणाला, एक वहिनी घेतली की मागोमाग मावशी येते, मग मावशीचा दीर येतो. मी म्हटलं, मावशीचा दीर आजारी असेल तर बिचाऱ्याने काय करायचं? भोंगांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. त्यांचे बूट काय जड आहेत!

९ फेब्रुवारी, रविवार

वहिनीबरोबर दिवसभर तालीम. ती वकील झाली. नाकावर माझा जुना चष्मा, हातात फूटपट्टी, पाय उशीवर. डोळे मिटून म्हणते, “बाई, आपण कोण?” म्हटलं, घडीवाली. “घडीवाल्या बाईने विषयाची घडी विस्कटू नये.” मी हसून हसून खाली बसले. खरा वकील हिच्यापुढे पाणी भरेल.

मधेच तिने विचारलं, “काही कागद मागतील का हो ते? लग्नाचा वगैरे?”

म्हटलं, मागितला तर देऊ, लग्न काय चोरून झालं होतं का? मीच तर पुढे पुढे करत होते.

“बरं,” म्हणाली, आणि भाजी निवडायला घेतली.

१० फेब्रुवारी, सोमवार

आजचं लिहिलंच पाहिजे, नाहीतर पोट फुटेल!

गरमी भत्त्यावर घोडं अडलं होतं. रोलरवर आणि बॉयलरजवळ काम करणाऱ्यांना महिन्याला वेगळा भत्ता हवा, ही मागणी. वकील म्हणतो, उष्णता ही सापेक्ष गोष्ट आहे. मी म्हटलं, असेल बुवा, आपण तिला भेटून येऊ या. साहेबांना नाही म्हणता येईना. निघाली वरात! पुढे भोंगा, मागे कोट घातलेला वकील, त्यामागे मी वहीसकट.

रोलरच्या तोंडाशी उभा केला त्याला. चादर आत जाते ओली, बाहेर येते तव्यावरून उतरल्यासारखी. एका मिनिटात चष्म्यावर वाफ. दुसऱ्या मिनिटाला कोट हातात. बॉयलरवाला — गडी तसा अबोल, पण आज रंगात आलेला — म्हणतो, “साहेब, हा थंडीचा महिना आहे. एप्रिलात या.” वकील अकरा मिनिटं टिकला. मी घड्याळ लावून लिहिलंय. वर आल्यावर तीन ग्लास पाणी प्यायला आणि म्हणाला, “भत्त्याला तत्त्वतः हरकत नाही.”

तत्त्वतः! मी घरी येईपर्यंत तो शब्द म्हणत आले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आता सगळ्यांना कळलंय, मी वहिनीसाठी भांडतेय. आणि झालं असं, की जो तो आपलं माणूस घेऊन माझ्याकडे यायला लागला!

माझी जोडीदारीण — चादरीची दोन टोकं ती धरते, दोन मी, बावीस वर्षं — तिच्या घरी नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा मुलगा आहे. दम्याचा. आई म्हणतो तिला, पण कागदावर ती त्याची कुणी नाही. ट्रकचा ड्रायव्हर म्हणे, शेजारच्या आजीने वाढवलं मला, तिला कानाचं यंत्र हवंय. आणि बॉयलरवाला जेवणाच्या सुट्टीत येऊन नुसता उभा. शेवटी मीच विचारलं. म्हणाला, “मला काम शिकवलं तो म्हातारा. माझ्याकडेच असतो. दिसत नाही त्याला आता.” एवढं बोलला आणि गेला. बॉयलरवाल्याचं महिन्याचं बोलणं झालं ते.

मग मला सुचलं! वहिनी, मावशी, आजी अशी यादी वाढवत बसण्यापेक्षा कुटुंबाच्या खाली एकच जादा ओळ. तिथेच पावाच्या कागदावर लिहिली — ‘कामगाराने स्वतः निवडलेली एक व्यक्ती.’ नातं सांगायचं नाही. दाखला द्यायचा नाही. माणशी एक नाव!

भोंगांनी वाचलं. दोनदा वाचलं. मग हळू आवाजात — हळू! मी पहिल्यांदा ऐकला तो आवाज — म्हणाले, “बाई, हे भारी आहे.”

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वकील हसला. त्याला दात आहेत हे आज कळलं. “एक व्यक्ती? कोणीही? उद्या कोणी सिनेमातल्या नटाचं नाव देईल!” साहेबांनीही मान हलवली. नाही म्हणजे नाही. मी एवढीशी झाले.

पण चहाच्या वेळी साहेबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, “हे बघा, एक व्यक्ती वगैरे जमणार नाही. पण तुमची अडचण मला समजते. यादीत ‘भावाची पत्नी’ घालतो. विवाह कायम असल्याचा दाखला जोडायचा, झालं. उद्या सह्या करून टाकू.”

माझ्या पायाखालची फरशी उड्या मारायला लागली! वहिनीचा खुबा! उद्या!

भोंगांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, पण माणूस मोठा. म्हणाले, “कलम तुमचं. घरी विचार करा. तुम्ही हो म्हणालात तर मी सही करतो.”

आता वहिनीला सांगते. आत काहीतरी शिवतेय. सांगते आणि मग लिहिते.

सांगितलं. मी हे काय ऐकलं!

मला वाटलं होतं, ती हसेल, निदान एखादा टोमणा मारेल. तिचा चेहरा पांढराफटक. सुई हातात तशीच. म्हणाली, “नको.”

“नको म्हणजे?”

“ते घेऊ नका वन्सं. बाकीच्यांचं काय? त्या बॉयलरवाल्याच्या म्हाताऱ्याचं काय? दम्याच्या पोराचं काय? आपलं साधलं की उठायचं होय?”

म्हटलं, अगं, तुझा पाय! रात्ररात्र कण्हतेस!

“कण्हेन. पण दाखल्याबिखल्याच्या मागे लागू नका. ती एका व्यक्तीची ओळ आहे ना, तीच धरून बसा.”

केवढं मन हे! मी रडलेच. ती म्हणाली, “रडताय काय, पुसा नाक.” स्वतः मात्र उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. सात महिने जी भिंतीला धरून चालते, ती म्हणते बाकीच्यांचं काय! आणि मी कमिटीची मेंबर, एकटीचं साधून उड्या मारत होते. लाज वाटली मला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं! सगळ्यांपुढे! बैठकीआधी भोंगांनी दोन्ही शिफ्ट गेटपाशी जमवल्या आणि मला खोक्यावर उभं केलं. म्हटलं, साहेबांनी मला वहिनी देऊ केली होती. आणि वहिनी म्हणाली, नको, बाकीच्यांचं काय?

मग कुणीतरी मागून ओरडलं — “वहिनी झिंदाबाद!” दोनशे माणसं ओरडायला लागली. जिला यातल्या दहा जणांनीही पाहिलेलं नाही, तिच्या नावाने घोषणा! बॉयलरवालासुद्धा ओरडला. मी पाहिलं.

वर गेले आणि साहेबांना म्हटलं, नको तुमची भावाची पत्नी. साहेबांनी फाइल मिटली. “मग कलम अकरा रद्द समजा. पूर्ण.”

घाबरले, खोटं कशाला लिहू? कुणालाच काही मिळालं नाही तर? वहिनी तशीच घरात, आणि बाकीच्यांची पोरंबाळं, आईबापही गेले कार्डातून — माझ्यामुळे. पण गेटवर सगळे परत ओरडले आणि भीती पळाली.

१६ फेब्रुवारी, रविवार

चौदा जण घरी! फुलं घेऊन! न सांगता!

तीन जिने चढून भोंगा धापा टाकत आत, मागे माझी जोडीदारीण, बॉयलरवाला नव्या शर्टात. खुर्च्या दोन. बाकीचे पलंगावर, कट्ट्यावर, एक जण माझ्या शिवणयंत्रावर. वहिनीने साडी नीट केली, आणि भोंगांनी भाषण ठोकलं — आमच्या छोट्या खोलीत! वरच्या मजल्यावरचे काय झालं म्हणून खाली आले.

“त्यागाची मूर्ती,” म्हणाले भोंगा.

वहिनी म्हणाली, “अहो, मूर्ती कसली, मला उठता येत नाही म्हणून बसलेय.” सगळे हसले. पण तिने मांडीवरची फुलं उचलून बाजूला ठेवली. “मला एवढं डोक्यावर घेऊ नका,” म्हणाली, “मी काही केलेलं नाही. खरंच काही केलेलं नाही.” आणि रडायला लागली. मग काय, जोडीदारीणही रडली, मीही रडले, भोंगांनी एवढ्या मोठ्याने नाक शिंकरलं!

कप कमी पडले. वाट्यांमधून चहा दिला. काय दिवस होता!

१७ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून संप नाही. संपापेक्षा मजेशीर! नियमाने काम!

कारखान्याची नियमपुस्तिका आहे. साहेबांच्याच सहीची. कुणी कधी उघडली नव्हती. भोंगांनी सकाळी सगळ्यांना वाचून दाखवली. ‘प्रत्येक चादर उजेडासमोर धरून दोन्ही बाजूंनी तपासावी. डाग, उसवण वा छिद्र आढळल्यास नोंद करावी. कडेला कड तंतोतंत जुळवून मगच घडी घालावी.’

घातली! अशी घातली की बस्स! मी आणि जोडीदारीण तासाला ऐंशी चादरी काढतो. आज एकोणीस. चादर उजेडासमोर धरायची, ती पलीकडून विचारणार, “बाई, तुम्हाला हा डाग वाटतो की सावली?” मी म्हणणार, “जरा तिरकी धरा.” मुकादम समोर उभा, बोलायची सोय नाही. बॉयलरवाला दर पंधरा मिनिटांनी काट्याची नोंद करून खाली लफ्फेदार सही करतो. ड्रायव्हर प्रत्येक थांब्यावर उतरून ट्रकला प्रदक्षिणा घालतो आणि चारही चाकांची हवा तपासतो. पुस्तकात आहे!

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सतरा चादरी. आम्ही सुधारतोय.

१९ फेब्रुवारी, बुधवार

साहेबांचा फोन सारखा वाजतोय. एका हॉटेलाने म्हणे पाहुण्यांना टेबलक्लॉथवर झोपवलं. वकील स्वतः घडी विभागात आला. “ही अडवणूक आहे,” म्हणाला. भोंगांनी पुस्तिका पुढे केली. “हे तर तुमचंच पुस्तक! पान सात.” वकिलाने पान सात वाचलं आणि डोळे मिटले.

वहिनीला सगळं साभिनय करून दाखवलं. हसली, पण नेहमीसारखी नाही. मधेच म्हणाली, “आणि नाहीच मिळालं तर? त्या सगळ्यांचं माझ्यामुळे गेलं, असं होईल ना?” म्हटलं, तू काळजीच करू नकोस गं, मिळतंय!

२० फेब्रुवारी, गुरुवार

मिळालं! मिळालं! मिळालं!!

साहेबांनी दुपारी बोलावलं. आवाज बसलेला, फोनवर बोलून बोलून. म्हणाले, कुटुंबाचं कार्ड परत देतो, वर एक व्यक्तीही देतो, पण वाढ चौदा टक्क्यांवर येत होती ती तेरा करा. एक टक्का सोडा.

आता तो टक्का काही आम्हा पाच जणांचा नव्हता. सगळ्यांच्या ताटातला. भोंगांनी गेटवर हात वर करून मत घेतलं. दोनशे सतरा माणसं, बायकामुलं असलेली, ज्यांच्याकडे घुसवायला कुणी वहिनी नाही अशी. विरोधात हात किती? नऊ! फक्त नऊ! आणि त्या नऊतला एक म्हणाला, मला नीट ऐकू आलं नाही.

तेरा टक्के. गरमी भत्ता. वर्षाला बुटांचे दोन जोड. आजारपणाची रजा बारा दिवस. आणि कलम अकरा, माझ्या अक्षरात! आज मी जिना चढले नाही. उडाले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सह्या झाल्या. साहेबांनी पेन मला दिलं आणि म्हणाले, “बाई, पुढच्या कराराला तुम्ही आमच्या बाजूला बसा.” म्हटलं, पगार काय द्याल?

खुर्चीवर दोनदा फिरले. सगळ्यांसमोर.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कार्डाचे फॉर्म आले. अठ्ठावीसपर्यंत युनियन ऑफिसात द्यायचे, उशीर झाला तर थेट पुढच्या वर्षी. गोळा करायचं काम माझ्याकडे — अक्षर चांगलं ना!

दिवसभर कारखान्यात दुसरा विषय नाही. माणशी एक नाव म्हटल्यावर लोकांना घाम फुटला! एकाला आत्याही हवी आणि सासूही. बायको म्हणते सासू, आई म्हणते आत्या, तो म्हणतो मलाच घ्या कुणीतरी. मुकादमाने स्वतःचंच नाव लिहिलं. त्याला समजावलं, तुम्ही आधीच आहात हो! ड्रायव्हरची शेजारची आजी तयार नाही, म्हणते परक्याचं खाणार नाही. त्याने सांगितलं, मग मी जेवायला येणार नाही. झाली तयार. बॉयलरवाला सगळ्यात आधी आला. नाव सुबक अक्षरात. खाली त्या म्हाताऱ्याचा अंगठा.

नातं विचारलेलं नाही कुठेच. फक्त त्या माणसाचं नाव, वय, पत्ता, लग्न झालंय की नाही, जुने आजार, आणि त्याचीच सही. आपल्या माणसाने स्वतः भरायचा. वहिनीपुढे ठेवलाय. उद्या पहिला माझाच देणार होते, पण बॉयलरवाल्याने नंबर मारला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

वहिनीने फॉर्म भरला नाही. म्हणे चष्मा सापडत नव्हता. चष्मा तिच्या डोक्यावर होता. हसलो दोघी.

२६ फेब्रुवारी, बुधवार

अजून नाही! म्हणते, पेन नीट चालत नाही. तीन पेनं ठेवून आले. एकशे अठ्ठ्याण्णव फॉर्म जमा झाले आणि जिच्या नावाने घोषणा झाल्या, तिचाच नाही! जोडीदारीण म्हणाली, ऑपरेशनला घाबरली असेल. असेलही. डॉक्टर तर म्हणाले, दीड महिन्यात जिना उतरेल. मी मनात ठरवूनही टाकलंय — पहिल्यांदा खाली उतरली की तिला कारखान्यात न्यायची, गेटपाशी. बघाच कसा दंगा होतो!

२७ फेब्रुवारी, गुरुवार

चिडले आज. म्हटलं, उद्या शेवटचा दिवस, लोकांनी एक टक्का सोडलाय तुझ्या पायासाठी!

ती म्हणाली, “ठाऊक आहे मला. तेच तर.”

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी उठले तर फॉर्म टेबलावर. भरलेला, सहीसकट. लग्नाच्या रकान्यात वहिनीने लिहिलंय — घटस्फोट, चौदा वर्षं.

दादाने पोस्टाने कागद पाठवले होते. मी कामावर होते. तिने सह्या केल्या, परत पाठवले, कोर्टाच्या तारखांनाही माझ्या कामाच्या वेळेत जाऊन आली, आणि मी घरी आल्यावर काही बोलली नाही. आज म्हणाली, “मग इथे कुठल्या तोंडाने राहिले असते? तुमची कोण म्हणून?”

म्हणजे ते ‘नको’ बाकीच्यांसाठी नव्हतंच. दाखल्याची भीती होती ती. चौदा वर्षं या घरात तिला वाटत होतं, की मला कळलं तर मी तिला जा म्हणेन. मी!

फॉर्म भोंगांच्या हातात दिला आणि गेटवरूनच परत फिरले. एकोणतीस वर्षांतला पहिला खाडा. दोघी घरी आहोत.